पब्लिकेशनचं बुक होतं का?

पुणे विद्यापीठाच्या एसई (दुसरं वर्ष) कॉम्प्युटरच्या 2019च्या अभ्यासक्रमात, म्हणजे ‘2019 पॅटर्न’मध्ये, प्रॅक्टिकलला एक असाइनमेंट आहे. एक प्रकाशन संस्था पुस्तकं आणि ऑडिओ कॅसेट विकते. शीर्षक आणि किंमत ठेवणारा ‘पब्लिकेशन’ हा बेस क्लास लिहायचा. त्यात पानांची संख्या घालून ‘बुक’ आणि मिनिटं घालून ‘टेप’ डिराइव्ह करायचा. रॉबर्ट लफोर यांच्या सी प्लस प्लसच्या पाठ्यपुस्तकातला हा स्वाध्याय तिथवर टिकला. पुण्यात अलूरकरांच्या दुकानातून कॅसेट आणणारी पिढी ही असाइनमेंट करणाऱ्या मुलांचे आईबाप झाली, तरी ‘टेप’ काही हटला नाही.

ओरलला यावरच गुगली पडू शकते: पब्लिकेशनचा ऑब्जेक्ट तयार आहे, त्याचंच बुक करता येईल का?

उत्तराचं मूळ ऑस्लोत आहे. नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर सिम्युला ही भाषा घडवत होते. त्यांच्यापुढचं उदाहरण: टोलनाक्याच्या रांगेत ट्रक आणि बस. दोन्हींचं रांगेत उभं राहणं सारखं, बाकीचे गुण वेगळे. (खेड-शिवापूरला अडकलेल्याला हे वेगळं सांगायला नको.) टोनी होअर यांनी रेकॉर्डच्या उपवर्गांची कल्पना आधीच मांडली होती. तिच्यावर विचार करताना 1966-67च्या हिवाळ्यात या दोघांना ‘प्रीफिक्स’ सुचला: नव्या क्लासच्या आधी जुन्याचं नाव लिहायचं. ऑब्जेक्ट तयार होताना आधी जुन्याचे रकाने, त्यांना जोडून नव्याचे, असा एकच सलग तुकडा मेमरीत पडतो. मे 1967मध्ये ऑस्लोजवळच्या लिसेबूच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं.

सगळी गोम त्या तुकड्यात आहे. बुकच्या पोटात पब्लिकेशन असतंच. पण नुसत्या पब्लिकेशनच्या तुकड्यात पानांच्या संख्येला जागाच नसते. म्हणून ऑब्जेक्टकडे बुक म्हणून बघायला सिम्युलात असलेला ‘क्वा’ हा शब्द फक्त खातरजमा करायचा: हा ऑब्जेक्ट मुळात बुक म्हणूनच जन्मला आहे ना? नसेल तर प्रोग्रॅम तिथेच थांबायचा.

पीएचडीसाठी केंब्रिजमध्ये सिम्युला वापरलेल्या ब्यार्न स्ट्रोस्ट्रुप यांनी 1979मध्ये बेल लॅब्जमध्ये ‘सी विथ क्लासेस’ सुरू केली; तीच पुढे सी प्लस प्लस झाली. बेस आणि डिराइव्ह्ड ही नावं त्यांचीच, आणि ती सुपरक्लास-सबक्लासपेक्षा मला सरळ वाटतात. सी प्लस प्लसच्या 1998च्या मानकातला डायनॅमिक कास्ट ‘क्वा’च्याच घराण्यातला. स्टॅटिक कास्ट मात्र अशी चौकशी करत नाही. चुकीच्या पॉइंटरवर वापरला तर प्रोग्रॅम नसलेली पानं वाचायला जातो. उलट बुकची व्हॅल्यू पब्लिकेशनच्या व्हेरिएबलमध्ये भरली, तर पानं निमूट कापली जातात. ते स्लायसिंग.

तेव्हा मार्क मिळवणारं उत्तर असं: बुकला पब्लिकेशन आणि पानांची संख्या घेणारा कन्स्ट्रक्टर लिहा. शीर्षक, किंमत त्यातून उतरवून घ्या. हाती येतो तो नवा ऑब्जेक्ट. मूळ पब्लिकेशनची किंमत नंतर वाढवली, तरी याची वाढणार नाही. पायथनमध्ये जित्या ऑब्जेक्टचा क्लासच बदलता येतो, पण नव्या क्लासचा कन्स्ट्रक्टर तेव्हा चालत नाही. पानं किती, हे तिथेही कुणीतरी सांगावंच लागतं.