अंड्यांच्या खोक्यातला कोळी : एका टाकाऊ शोभेच्या वस्तूचा इतिहास

१/ #थ्रेड
दरवर्षी ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या रात्री, अमेरिकेतील अनेक घरांच्या दारांत आणि शाळांच्या वर्गांत काळे कोळी लोंबकळू लागतात. त्यांतले कित्येक मुलांनी घरीच केलेले असतात. अंड्यांच्या खोक्याची एक वाटी, चार मखमली तारा, काळा रंग आणि दोरा, एवढीच त्यांची सामग्री. या क्षुल्लक वस्तूमागे कागदाचे कारखाने, दंगेखोर रस्ते, आर्थिक मंदी आणि महायुद्ध उभे आहे.

२/ प्रथम सणाची पार्श्वभूमी. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये उन्हाळा संपून हिवाळा सुरू होताना ‘साविन’ हा सण पाळला जाई. त्या रात्री मृतात्मे भटकतात, अशी समजूत होती. पुढे १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा दिवस ठरला आणि त्याची पूर्वसंध्या म्हणजे हॅलोविन. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात लाखो आयरिश लोक अमेरिकेत गेले. त्यांच्याबरोबर हा सणही तिथे रुजला.

३/ गंमत अशी, की स्कॉटलंडचा सर्वांत प्रसिद्ध कोळी मुळीच भीतिदायक नाही. पराभूत राजा ब्रूस आणि पुन्हा पुन्हा जाळे विणणारा कोळी ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकली आहे. ब्रूस १३०६ साली राजा झाला. ही कथा मात्र लोकप्रिय केली ती एकोणिसाव्या शतकात सर वॉल्टर स्कॉट यांनी. तिथे कोळी चिकाटीचा गुरू आहे.

४/ मग तो भयाचा दूत कसा झाला? उत्तर त्याच्या जाळ्यात आहे. कोळिष्टके दिसली की घर ओस पडले आहे, हे सांगावे लागत नाही. १७६४ साली होरेस वॉलपोल यांची ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ ही कादंबरी आली आणि इंग्रजीत भयकथांची लाट उसळली. पडके किल्ले, अंधारी तळघरे, बंद दालने ही त्यांची ठरलेली स्थळे. अशा वास्तूंच्या वर्णनात जळमटे आली, आणि जळमटांमागून कोळी.

५/ कथांतला हा कोळी बैठकीच्या खोलीत आला तो कागदाच्या धंद्यामुळे. १८४४ साली सुरू झालेली डेनिसन ही अमेरिकन कंपनी आरंभी दागिन्यांसाठी पुठ्ठ्याच्या डब्या बनवीत असे. पुढे तिने चुण्या पडलेला, ताणला जाणारा क्रेप कागद बाजारात आणला. माल तयार होता. तो लोकांनी वापरावा कशासाठी, हे शिकवायचे होते.

६/ त्यासाठी १९०९ साली कंपनीने ‘बोगी बुक’ ही पुस्तिका काढली. हॅलोविनची मेजवानी कशी सजवावी, पोशाख कसे शिवावेत, कोणते खेळ खेळावेत, हे त्यात सांगितलेले असे. अर्थात कंपनीचाच कागद वापरून! चेटकिणी, काळी मांजरे, घुबडे, वटवाघळे यांचा नारिंगी-काळा संसार अशा पुस्तिकांनी घरोघरी पोहोचवला.

७/ त्याच काळात रस्त्यावरचे चित्र वेगळे होते. हॅलोविन ही टवाळ पोरांची रात्र होती. कुंपणांची फाटके पळवणे, खिडक्यांना साबण फासणे यांवरून प्रकरण नासधुशीपर्यंत गेले. १९३३ साली, मंदीच्या ऐन भरात, पोरांच्या टोळ्यांनी अनेक शहरांत मोटारी उलथवल्या, टेलिफोनचे खांब करवतीने कापले. ही रात्र ‘ब्लॅक हॅलोविन’ म्हणून ओळखली जाते.

८/ आता शहरांपुढे दोन वाटा होत्या : सणावर बंदी घालावी, किंवा मुलांना रस्त्यावरून घरात बोलवावे. अनेक ठिकाणी दुसरी वाट निवडली गेली. मंदीत एका घराला सारा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून शेजाऱ्यांनी तो वाटून घेतला. एका घरी खाऊ, दुसऱ्या घरी खेळ, तिसऱ्या घरी ‘भुताचे तळघर’. मुले घोळक्याने घरोघर फिरत.

९/ अशा तळघराला महागडी सजावट लागत नाही. अंधार, लोंबणाऱ्या सुतळ्या आणि जुन्या कागदाचा कोळी पुरेसा होतो. पोरांच्या हातांतली करवत सोडवायची, तर त्या हातांना दुसरे काम हवे होते. टाकाऊतून टिकाऊ करण्याच्या या उद्योगामागे असा सामाजिक हेतूही होता.

१०/ मग महायुद्ध आले. १९४२ साली अमेरिकेत साखरेचे रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी शिकागोच्या नगर परिषदेने हॅलोविन रद्द करून ३१ ऑक्टोबर हा ‘बचत दिन’ म्हणून पाळावा, असा ठराव केला. सण मात्र टिकला, आणि युद्ध संपून साखर सुटल्यावर अधिकच फोफावला.

११/ आता त्या कोळ्याच्या अंगाकडे वळू. धड म्हणजे अंड्यांच्या खोक्याची वाटी. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात, १९११ साली, जोसेफ कॉइल या वृत्तपत्र-व्यावसायिकाने अंडी न फुटता नेण्यासाठी कागदी खोके तयार केले. पुढे कागदाच्या लगद्याची साच्यातून काढलेली खोकी आली. म्हणजे जुन्या रद्दीचे खोके झाले, आणि खोक्याचा कोळी!

१२/ पाय म्हणजे पाइप क्लीनर. तंबाखूचे पाइप साफ करण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी ही लवदार तार निघाली. पुढे ती हस्तकलेच्या डब्यात शिरली आणि तिथे तिला ‘शेनिल’ हे नाव मिळाले. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ सुरवंट. आपला कोळी सुरवंटाच्या पायांवर उभा आहे म्हणायचा!

१३/ करून पाहायचा असेल, तर वाटी काळी रंगवा. दोन्ही बाजूंना चार-चार भोके पाडून चार तारा आरपार ओवा. आठ पाय आपोआप होतात. प्रत्येक पाय दोनदा वाकवा. एक सुधारणा अवश्य करा : खऱ्या कोळ्याचे पाय पोटाला नसून पुढच्या भागाला, शिरोवक्षाला असतात. म्हणून पोटासाठी मागे कागदाचा वेगळा बोळा चिकटवा.

१४/ २०२४ साली हॅलोविन आणि नरक चतुर्दशी एकाच दिवशी आली होती. त्या आठवड्यात अमेरिकेतल्या मराठी घरांत आकाशकंदिलाचा कागद आणि कोळ्याच्या तारा एकाच टेबलावर पसरल्या असतील, तर नवल नाही. आज प्लास्टिकचे कोळी दुकानांत ढिगाने मिळतात. पण ज्या शेजाऱ्यांनी १९३३ नंतर बिथरलेल्या पोरांना पोलिसांऐवजी खाऊ, खेळ आणि घराचे उघडे दार देऊ केले, त्यांची आठवण त्या रद्दीच्या कोळ्यातच अधिक आहे.

(समाप्त)