छंदासाठी मेटल डिटेक्टर : जुळणी, वापर आणि थांबण्याची जागा

इंग्लंडच्या सफोक परगण्यातील हॉक्सन या खेड्यात एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. ती शोधण्यासाठी त्याचे स्नेही एरिक लॉझ १६ नोव्हेंबर १९९२ रोजी आपला मेटल डिटेक्टर घेऊन आले. लॉझ हे निवृत्त माळी. निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेल्या या यंत्राने त्या दिवशी हातोडीऐवजी रोमन काळातील चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी दाखवली. काही वस्तू हाती लागताच लॉझ यांनी खोदणे थांबवले आणि अधिकाऱ्यांना कळवले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उरलेला ठेवा जागेवरील मांडणीसह बाहेर काढला. एकूण १४,८६५ नाणी आणि सुमारे दोनशे इतर वस्तू मिळाल्या. ज्या लाकडी पेटीत हे सारे भरून ठेवले होते ती कुजून गेली होती; तरीही वस्तूंच्या जागांवरून तिचा आकार आणि आतील रचना समजू शकली. हा ठेवा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि पुढे सापडलेली ती हातोडीही तेथेच आहे.

रेल्वे स्थानकावर किंवा मॉलच्या दारात भेटणारा मेटल डिटेक्टर आपल्या परिचयाचा असतो. छंदाचे यंत्र त्याच तत्त्वावर चालते. फक्त दांड्याच्या टोकाला चकतीसारखे वेटोळे असते आणि ते जमिनीवरून फिरवायचे असते. प्रचलित यंत्रांपैकी बहुतेक ‘व्हीएलएफ’, म्हणजे अतिशय कमी वारंवारितेची असतात. चकतीत तारांची दोन वेटोळी असतात. पहिल्यातून प्रत्यावर्ती प्रवाह जातो आणि बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. या क्षेत्रात धातू आला की त्यात भोवरी प्रवाह निर्माण होतात, त्यांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र तयार होते आणि दुसरे वेटोळे ते टिपते. परतीचा संकेत किती उशिराने येतो यावरून धातूच्या प्रकाराचा अंदाज बांधला जातो. यंत्र जे सांगते तो अंदाजच असतो, हे सुरुवातीलाच ध्यानात घेतलेले बरे. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असेच एक उपकरण वापरले. गोळी सापडली नाही. गादीतील पोलादी स्प्रिंगा हे त्या अपयशाचे एक कारण मानले जाते. आजही पोलादी टोकाचे बूट घालून फिरणाऱ्या नवशिक्याची फसगत याच प्रकारे होते.

जुळणी करताना दांड्याची लांबी आधी ठरवावी. ताठ उभे राहून, हात सैल सोडून चकती पावलांच्या थोडी पुढे जमिनीलगत यायला हवी. कमरेत वाकावे लागत असेल तर तासाभरातच पाठ बोलू लागते. वेटोळ्याची वायर दांड्याभोवती घट्ट गुंडाळावी; ती सैल हलत राहिली तर खोटे आवाज येतात. मोबाइल दूर ठेवावा. हेडफोन आवश्यक समजावा, कारण खोलवरच्या नाण्याचा आवाज फारच पुसट असतो.

त्यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि घाईत हमखास गाळली जाणारी. ती म्हणजे भूमि-संतुलन. मातीतील लोहखनिजे स्वतःच संकेत देतात. तो वजा करण्यासाठी धातू नसलेली जागा शोधून चकती जमिनीपासून चार बोटांवरून वीतभर उंचीपर्यंत वर-खाली करावी आणि आवाज सारखा राहीपर्यंत समायोजन करावे. काही यंत्रे हे काम आपोआप करतात. तरी माती बदलली की ते पुन्हा तपासावे. समुद्राच्या ओल्या खाऱ्या वाळूत साधी व्हीएलएफ यंत्रे गोंधळतात. तेथे स्पंद-पद्धतीची यंत्रे अधिक उपयोगी पडतात. दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या मातीतही मॅग्नेटाइट असल्याने संतुलनाकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

संवेदनशीलता पूर्ण वाढवली म्हणजे खोली वाढते, हा समज चुकीचा आहे. विजेच्या तारांजवळ किंवा खनिजयुक्त जमिनीत यंत्र सतत कुरकुरू लागते आणि खरा संकेत त्यात बुडून जातो. कुरकुर थांबेपर्यंत ती कमी करावी. धातू वगळण्याच्या सोयीबाबतही संयम हवा. खिळे नकोत म्हणून लोखंड वगळणे समजण्यासारखे आहे. परंतु चांदीचा कागद आणि शीतपेयाच्या डब्यांच्या कड्या वगळल्या की बारीक सोन्याची अंगठीही बहुधा वगळली जाते. कारण यंत्राच्या दृष्टीने त्यांचे आकडे शेजारी-शेजारी असतात. सोने हवे असेल तर कचराही खणावा लागतो.

चकती जमिनीला समांतर ठेवून सावकाश फिरवावी. घड्याळाच्या लंबकासारखी दोन्ही टोकांना ती वर उचलली तर खोली वाया जाते. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली असावी. संकेत मिळाला की काटकोनात वळून पुन्हा तपासावे. दोन्ही दिशांनी आवाज स्वच्छ आला तर रेषा जेथे छेदतात तेथे वस्तू असते. गवताळ जागी तीन बाजूंनी काप घेऊन ढेप उलटावी, माती प्लास्टिकच्या कापडावर काढावी आणि शेवटी खड्डा पूर्ववत बुजवावा. सापडलेले नाणे घासू नये. त्यावरचा थर खरवडताना अक्षरेही जातात. जागेची नोंद तत्काळ करावी. वस्तू बॉम्ब किंवा तोफगोळ्यासारखी दिसली तर हात न लावता पोलिसांना कळवावे.

यंत्र मात्र एक गोष्ट सांगत नाही : कोठे थांबायचे. नांगरलेल्या थरातील वस्तू आधीच हललेली असते, त्यामुळे ती उचलताना फारसा पुरावा नष्ट होत नाही. नांगर पोहोचत नाही त्या थरात, किंवा एकाच जागी अनेक वस्तू सापडू लागल्या की, छांदिष्टाचे काम संपते. हियरफर्डशायरमध्ये २०१५ साली दोघांना व्हायकिंग काळातील ठेवा मिळाला. त्यांनी तो न कळवता विकण्याचा प्रयत्न केला. सुमारे तीनशे नाण्यांपैकी खटल्यापर्यंत केवळ ३१ हाती आली. त्यांतील काहींवर वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा सिओलवुल्फ यांच्या सहकार्याच्या खुणा होत्या. म्हणजे इतिहासाचा एक अल्पज्ञात दुवाच पांगला. २०१९ मध्ये दोघांना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

इंग्लंड व वेल्समध्ये जमीनमालकाची परवानगी अनिवार्य आहे, आणि संरक्षित स्मारकांवर विनापरवाना यंत्र वापरणे गुन्हा आहे. १९९६ च्या ‘ट्रेझर अॅक्ट’नुसार कायद्याच्या व्याख्येत बसणारा ठेवा १४ दिवसांत कॉरोनरला कळवावा लागतो. २०२३ पासून या व्याख्येत २०० वर्षांहून जुन्या, असाधारण महत्त्वाच्या धातूच्या वस्तूंचीही भर पडली आहे. १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’मध्ये इतर साध्या वस्तूही स्वेच्छेने नोंदवता येतात, आणि तेथील नोंदी दहा लाखांच्या कितीतरी पुढे गेल्या आहेत.

आपल्याकडे हा छंद असा रुजलेला नाही, आणि कायदाही वेगळा आहे. १८७८ च्या ‘इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अॅक्ट’नुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १९५८ च्या कायद्यानुसार संरक्षित क्षेत्रात परवान्याविना उत्खनन करता येत नाही. ‘छावा’ चित्रपटानंतर मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळील असीरगड परिसरात मुघलकालीन नाण्यांच्या आशेने लोकांनी रात्री मेटल डिटेक्टर आणि विजेऱ्या घेऊन शेते खणली, ती अशा परवान्याविना. अंगणात पडलेली अंगठी, पुरलेली पाण्याची लोखंडी नळी किंवा शेतात तुटून राहिलेला अवजाराचा तुकडा शोधण्यासाठी मात्र हेच यंत्र स्वतःच्या जागेत निर्धास्तपणे वापरता येते. सरावासाठी कुंडीतील मातीत एक नाणे, एक खिळा आणि एक बाटलीचे झाकण वेगवेगळ्या खोलीवर पुरून त्यांचे आवाज ओळखण्यापासून सुरुवात करावी.