बाजार नसलेली भाषा

जत हें महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमेलगतचें गांव. तेथील बाजारांत मराठी व कानडी या दोन्ही भाषा पिढ्यान् पिढ्या नांदत आल्या आहेत. तेथील मूल दुसरी भाषा शिकतें तें व्याकरण घोकून नव्हे; देतां घेतां, खेळतां भांडतां ती त्याच्या जिभेवर बसते. चुकलें तर समोरचा हंसतो, योग्य शब्द सांगतो आणि व्यवहार पुढें चालतो.

याच जत संस्थानांत तिसरी एक भाषा आली, ती मात्र बाजाराच्या वाटेनें नव्हे, दप्तराच्या वाटेनें. डफळे घराण्याच्या या जहागिरीशीं इंग्रज सरकारनें १८२० सालीं करार केला. १८४८ मध्यें सातारचें राज्य खालसा झाल्यावर जत सरळ इंग्रजांचें मांडलिक बनलें. आणि १८७४ पासून १८८५ पर्यंत तर सरकारनें तेथील कारभारच आपल्या हातीं घेतला होता. ज्या भाषेंत आपल्या भूमीचा अखेरचा निवाडा होतो, तीच आपणांस अवगत नसावी, याहून मोठी अगतिकता कोणती?

सातारकरांस ही अगतिकता आधींच जाणवली होती. १८३९ मध्यें प्रतापसिंह महाराज पदच्युत झाले, तेव्हां त्यांची बाजू मांडण्यासाठीं रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले. १८५३ पर्यंत ते लंडनमध्यें तळ देऊन राहिले आणि इंग्रजींत छापलेल्या निवेदनांनीं कंपनीच्या भागधारकांपुढें आपलें गाऱ्हाणें मांडीत राहिले. त्यांना यश आलें नाहीं. भाषा हातीं आली म्हणजे न्याय मिळतोच असें नाहीं. पण तिच्यावांचून न्यायाचें दार ठोठावणेंही कठीण, हें या प्रकरणानें शिकविलें.

लंडनला जाणें ज्यांच्या नशिबीं नव्हतें, त्यांनीं काय करावें? आपल्या मुलखांत इंग्रजीचा बाजार नव्हता. तो त्यांना निर्माण करावा लागला. बाळशास्त्री जांभेकर यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं 'दर्पण' सुरू केलें, त्यांत मराठी व इंग्रजी मजकूर शेजारीं शेजारीं छापला जाई. पुढें १८८८ मध्यें निघालेल्या 'सुधारका'चीही हीच रीत होती. कऱ्हाडजवळील टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर त्याची मराठी बाजू सांभाळीत, तर गोपाळ कृष्ण गोखले इंग्रजी.

या गोखल्यांचें उदाहरण मनन करण्याजोगें आहे. १८६६ मध्यें रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक येथें जन्मलेला व कागल-कोल्हापुरास शिकलेला हा मुलगा इंग्रजी वातावरणांत वाढलेला नव्हता. त्यानें प्रथम शब्दांचा साठा केला. इंग्रज ग्रंथकारांचे उतारेच्या उतारे मुखोद्गत केले. तेवढ्यानें पाठांतर झालें असतें, वाणी नव्हे. पुढें न्यायमूर्ति रानडे यांच्यासारखा कठोर तपासनीस लाभला. त्यांच्या नजरेखालीं लिहिलेलें खोडून पुन्हा लिहिण्याची संवय जडली. शेवटीं १८९७ मध्यें लंडनला वेल्बी कमिशनपुढें उलटतपासणीस उभें राहण्याचा प्रसंग आला. तेथें पाठ केलेलें वाक्य उपयोगी पडत नाहीं. समोरून येणारा प्रश्न आधीं ठाऊक नसतो. त्या वेळीं गोखल्यांचें वय तीस होतें, आणि हिंदुस्थानच्या खर्चाविषयीं त्यांनीं दिलेली साक्ष त्यांच्या कीर्तीचा पाया ठरली.

साठा, चूक दाखविणारा स्नेही आणि समोरचा प्रश्नकर्ता, हीं तीन साधनें नीट पाहिलीं तर जतच्या बाजारांत काय निराळें आहे? तेथील मुलास तीं फुकट मिळतात. गोखल्यांस तीं कष्टानें जुळवावीं लागलीं, एवढाच भेद. म्हणून इंग्रजी बोलतांना चुकूं या भीतीनें जो विद्यार्थी आज तोंडच उघडीत नाहीं, त्यास इतकेंच सांगावेंसें वाटतें कीं, ज्या भाषा त्याच्या जिभेवर सहज खेळतात, त्याही पूर्वीं त्यानें चुकत चुकतच मिळविल्या आहेत.