मुंबईतील मराठी मध्यमवर्गीय कुटुंबाचा किराणा : ताजे, साठवणीचे व पाकीटबंद अन्न (१९४३ ते १९८३)

बीजशब्द : वाणसामान, साठवण, शिधावाटप, पाकीटबंद अन्न, स्त्रीश्रम, ग्राहक चळवळ.

प्रस्तावना :
शहरी कुटुंबाच्या आहाराचा विचार करताना ताजे अन्न व पाकीटबंद अन्न अशी द्विभागणी सर्वसाधारणपणे केली जाते. ताजे ते परंपरागत आणि पाकीटबंद ते आधुनिक असेही गृहीत धरले जाते. मुंबईतील मराठी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या वाणसामानाचा इतिहास पाहता ही विभागणी अपुरी ठरते. या दोहोंच्या मध्ये घरच्या साठवणीचा तिसरा वर्ग होता. पाकीटबंद मालाने प्रथम जागा घेतली ती या साठवणीची, रोजच्या भाजीची नव्हे, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

साठवणीची परंपरा व शिधावाटप :
उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे वाळवावेत, कैरीचे लोणचे भरणीत घालावे, वर्षाचा मसाला व तिखट कुटून ठेवावे, धान्याला ऊन देऊन ते डब्यांत भरावे, ही घरोघरची रीत होती. रोज बाजारातून येई ती भाजी आणि दारावर येई ते दूध. या साठवणीसाठी जागा, ऊन, एकरकमी पैसा आणि घरातील स्त्रियांचे एकत्रित श्रम या चार गोष्टी आवश्यक होत्या. चाळीतील दीड-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात त्यांपैकी पहिल्या तिन्ही मुळातच अपुऱ्या होत्या.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्याने तेथील तांदळाची आयात थांबली. १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. माणशी ठरलेल्या मापाने धान्य मिळू लागल्यावर वर्षाच्या धान्याची बेगमी करणे शहरातील कुटुंबास कठीण झाले. साठवणीचा पहिला आधार असा सुटला.

घरातील श्रम बाजारात :
गिरगावात बेडेकरांचे दुकान १९१० पासून होते. तयार मसाले व लोणची विकत घेण्याची सवय त्या परिसरात हळूहळू रुजली. परंतु या संक्रमणाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते ते लिज्जत पापडाच्या उदाहरणावरून. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास प्रारंभ केला. पुढे संस्थेचा विस्तार झाल्यावर सभासद स्त्रिया तयार पीठ घरी नेत, पापड लाटून परत आणून देत व त्याची मजुरी घेत. विकत घेणाऱ्या घरातील लाटण्याचे श्रम वाचले, पण ते नाहीसे झाले नाहीत. ते दुसऱ्या घरात गेले आणि त्यांना मोल आले. एका स्त्रीची सोय हे दुसरीच्या उपजीविकेचे साधन झाले, ही बाब पाकीटबंद अन्नाच्या इतिहासात बहुधा दुर्लक्षित राहते.

शुद्धतेचा प्रश्न :
ताजे ते शुद्ध, ही समजूतही तत्कालीन अनुभवाशी जुळत नव्हती. शहरातील तबेले बाहेर हलवून आरे येथे १९४९ मध्ये दूध वसाहत उभारण्यात आली. तेथील बंद बाटलीतील दूध हे शासकीय हमीचे दूध ठरले. याउलट १९३७ पासून डब्यात मिळू लागलेल्या डालड्याविषयी मात्र संशय कायम राहिला. तुपातील भेसळ चाचणीने ओळखता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचे तेल मिसळणे सक्तीचे करावे लागले. बंद वेष्टन एका ठिकाणी विश्वासाचे तर दुसऱ्या ठिकाणी शंकेचे कारण ठरले. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा (२००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पुढे त्याची जागा घेतली) आणि वेष्टनावर वजन, किंमत इत्यादी तपशील बंधनकारक करणारे १९७७ चे नियम यांनी या प्रश्नास कायद्याची चौकट दिली.

ग्राहकांचा संघटित प्रतिसाद :
नायगाव येथे १९४८ मध्ये कामगारांच्या सहकारातून अपना बाजार सुरू झाला. १९७२ च्या दुष्काळी काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली स्त्रिया हाती लाटणे घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने पुढचे पाऊल टाकले. शेजारच्या कुटुंबांनी गट करून महिन्याची यादी द्यावी, घाऊक खरेदीचा माल गटात आणून वाटून घ्यावा, अशी ती पद्धत होती. वर्षाची साठवण महिन्याच्या यादीवर आली, पण जिन्नस पारखून घेण्याचा गृहिणीचा अधिकार त्यातून काही अंशी टिकला.

निष्कर्ष :
१) पाकीटबंद मालाने चार दशके मुख्यतः घरच्या साठवणीची जागा घेतली. १९८३ मध्ये मॅगी शेवया भारतीय बाजारात आल्यानंतर मात्र ताज्या शिजवलेल्या खाण्याशीच त्याची ठळक स्पर्धा सुरू झाली.
२) ताजे व पाकीटबंद यांचा तोल रुचीपेक्षा जागा, विश्वास आणि स्त्रियांचे श्रम यांनी ठरविला.
३) ताज्या अन्नाकडे परतण्याचा उपदेश आज वारंवार केला जातो. निवडणे, वाळवणे, कुटणे, लाटणे ही कामे कोणी करावयाची, या प्रश्नाचे उत्तर त्यात नसेल तर तो उपदेश इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.