पडद्यावरची भुतं

परवा शनिवारी घरी गेलो. घर म्हणजे औरंगाबाद. २०२३ पासून कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर, बोलताना अजून दोन्ही चालतं. बॅग खाली ठेवतोय तोच पुतणीने लॅपटॉप पुढे केला. पडद्याच्या खालच्या भागात आडव्या रेघा थरथरत होत्या. दुकानवाल्याने 'मदरबोर्ड गेला, बावीस हजार' म्हणून सांगितलेलं, सोमवारी प्रोजेक्ट सबमिशन, आणि दादाचा चेहरा बघण्यासारखा झालेला.

शेजारी अण्णा बसले होते. आमचे चुलत आजोबा. गुलमंडीजवळ टीव्ही दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. तुम्ही म्हणाल, ट्यूबवाल्या टीव्हीचा आणि लॅपटॉपचा काय संबंध? थांबा जरा.

या गावाचं आणि टीव्हीचं नातं जुनं आहे. १९८२ च्या दिल्ली एशियाडला देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं आणि त्याच दशकात धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनने घराघरात रंगीत टीव्ही नेला. पैठण रोडवरच्या चितेगावच्या कारखान्यावर कित्येक घरं चालली. २००५ मध्ये कंपनीने फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, नेमका सपाट पडदा ट्यूबला गिळायला निघाला होता तेव्हा! २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

अण्णांचा पहिला प्रश्न कायम एकच असे : खोट चित्रात आहे की काचेत? चॅनल बदलून बघायचं. एका चॅनलवर सावल्या दिसल्या तर अँटेना. सगळीकडे एकाच कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग असेल तर कुणीतरी स्पीकर जवळ ठेवलाय, त्यातल्या चुंबकाने इलेक्ट्रॉनची वाट वाकडी केलीय. मग डीगॉसिंगची कॉइल फिरवायची, डाग गायब.

मी तेच केलं. स्क्रीनशॉट काढून फोनवर पाठवला : स्वच्छ. म्हणजे मेमरीतलं चित्र ठीक. टीव्हीला एचडीएमआय केबल लावली : तिथेही स्वच्छ. झाकण पुढे-मागे केलं : रेघा तशाच, म्हणजे बिजागरीतली वायर बहुधा शाबूत.

इथे थोडा इतिहास. चित्राची मेमरी आणि प्रोसेसर यांचं भांडण पीसीइतकंच जुनं आहे. १९८१ च्या आयबीएमच्या सीजीए कार्डावर ऐंशी कॉलमच्या मोडमध्ये प्रोसेसर लिहायला आणि कार्ड वाचायला एकाच वेळी मेमरीवर गेले की पडद्यावर पांढरे ठिपके उडायचे. त्याला चक्क 'स्नो' म्हणत. १९९९ मध्ये इंटेलच्या ८१० चिपसेटने ग्राफिक्स मदरबोर्डवरच बसवलं आणि रॅममधलाच वाटा घेतला. पीसी स्वस्त झाला. २०१० मध्ये ग्राफिक्स प्रोसेसरच्या पॅकेजमध्ये आलं, २०११ च्या सँडी ब्रिजमध्ये थेट त्याच सिलिकॉनवर. म्हणून 'ग्राफिक्स गेलं' की दुकानवाला अख्खा मदरबोर्डच सांगतो.

मी विचार करत बसलो होतो. अण्णांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "अरे, चित्र हलतं तेव्हा रेघा येतात की थांबतं तेव्हा?"

पुतणीने व्हिडिओ लावला. रेघा नाहीत! थांबवला, आल्या. चार्जर लावला, गेल्या. मग माझी ट्यूब पेटली (हो, तीच). वीज वाचवण्यासाठी २०११ पासून लॅपटॉपच्या पॅनेलच्या मानकात 'पॅनेल सेल्फ रिफ्रेश' नावाची सोय आहे. चित्र बदलत नसेल तर पॅनेल आपल्या छोट्या मेमरीतूनच तेच चित्र दाखवत राहतं आणि ग्राफिक्स डुलकी काढतं. एखाद्या पॅनेलचं आणि ड्रायव्हरचं जमलं नाही की या झोपण्या-उठण्यात चित्र थरथरतं. स्क्रीनशॉटमध्ये हे कसं दिसणार? स्क्रीनशॉट पॅनेलपर्यंत जातच नाही.

इंटेलच्या ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये पॉवरखाली ही सोय बंद केली. बॅटरी थोडी लवकर उतरेल, बाकी काही नाही. अर्धा तास नुसता वर्डचा कोरा कागद उघडा ठेवून बघितला. एक रेघ नाही.

"म्हणजे उघडायचा नाहीच?" अण्णांनी विचारलं, आणि खिशातून काढलेला स्क्रू-ड्रायव्हर जरा नाराजीनेच परत ठेवला.