कन्याशाळा-रहस्यकथा

कन्याशाळा-रहस्यकथा : मुलींची निवासी शाळा, महिला महाविद्यालय किंवा फिनिशिंग स्कूल हे घटनास्थळ असलेला इंग्रजी रहस्यकथेचा उपप्रकार. यात गुन्हा आवाराच्या आत घडतो. संशयित बहुधा शिक्षिका, विद्यार्थिनी आणि नोकरवर्ग यांतलेच असतात. उलगडा अनेकदा पोलिसांऐवजी एखादी पाहुणी, माजी विद्यार्थिनी किंवा शाळकरी मुलगी करते. हिंसेची वर्णने टाळून कोड्याचा आनंद देणाऱ्या, ‘कोझी’ म्हणजे घरगुती वळणाच्या रहस्यकथेत हा उपप्रकार मोडतो. दोन महायुद्धांच्या दरम्यान आणि त्यानंतरच्या काही वर्षांत या कथा लेखिकांच्या स्वतःच्या काळातल्या असत. एकविसाव्या शतकात त्याच काळाकडे किंवा व्हिक्टोरियन इंग्लंडकडे मागे वळून पाहणाऱ्या ऐतिहासिक कथा लिहिल्या जाऊ लागल्या.

फिनिशिंग स्कूल आणि कन्याशाळा

शालेय शिक्षण संपलेल्या सधन घरांतील मुलींवर लग्नाआधी अखेरचा हात फिरवणारी संस्था म्हणजे फिनिशिंग स्कूल. फ्रेंच संभाषण, नृत्य, संगीत, पत्रलेखन, मेजवानीत कोणाला कोठे बसवावे, घरातल्या नोकरांकडून काम कसे करून घ्यावे, असा तिथला अभ्यास. विसाव्या शतकात स्वित्झर्लंड हे अशा शाळांचे माहेरघर मानले जाई. माँत्रोजवळच्या ग्लियाँ येथील ‘अँस्टिट्यू व्हिला पिएरफ’ ही संस्था १९५४ मध्ये सुरू झाली. पुढे ब्रिटनच्या युवराज्ञी झालेल्या डायना यांनी १९७८ मध्ये रूझमाँ येथील अशाच एका संस्थेत थोडे दिवस काढले. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये हे काम बहुतांशी लहान खाजगी शाळा करीत. एखादी विधवा किंवा अविवाहित बाई राहत्या घरीच मूठभर मुली ठेवून घेई आणि त्यांच्या फीवर तिचे घर चाले.

त्याच शतकात मुलींच्या शिक्षणाची दुसरी वाटही फुटली. चेल्टनहॅम लेडीज कॉलेज (१८५३), केंब्रिजचे गर्टन (१८६९) आणि ऑक्सफर्डचे सॉमरव्हिल (१८७९) या संस्थांनी मुलींना परीक्षा आणि पदव्यांच्या दिशेने नेले. एक वाट लग्नाकडे जाणारी, दुसरी नोकरीकडे. या उपप्रकारातल्या बऱ्याच कथा या दोन वाटांच्या फाट्यावरच उभ्या आहेत.

घटनास्थळाची सोय

रहस्यकथेला लागणारी जवळजवळ सगळी सामग्री निवासी शाळेत आयती मिळते. हजेरीपट हीच संशयितांची यादी. घंटेवर चालणाऱ्या वेळापत्रकामुळे कोण कोणत्या वेळी कोठे होते हे काटेकोर सांगता येते, आणि म्हणूनच त्यातली एखादी खोटी नोंदही पकडता येते. निजण्याच्या वेळेनंतर कोणी जिन्यात दिसले, नेहमीच्या पायताणांऐवजी दुसरी घातली, जेवणाला उशिरा आले, तर घरी क्षुल्लक वाटणाऱ्या या गोष्टी शाळेत लगेच डोळ्यांत भरतात. मुलींना शिकवलेले शिष्टाचारही उपयोगी पडतात. दुसऱ्याचा पोशाख, आवाज आणि सामाजिक पायरी क्षणात हेरण्याची सवय शाळेने लावलेली असते. शोध घेणाऱ्या मुलीला वेगळे प्रशिक्षण लागत नाही.

शाळेच्या अब्रूचा धाकही कथानकाला ओढून नेतो. खुनाची वार्ता बाहेर गेली की पालक मुलींना घरी नेणार आणि शाळा बंद पडणार, हे मुख्याध्यापिकेला पक्के ठाऊक असते. त्यामुळे निरपराध माणसेही काहीबाही दडवतात आणि खरा दोषी त्या दडवादडवीत मिसळून जातो.

पूर्वपीठिका आणि प्रमुख कृती

या उपप्रकाराचे एक मूळ शालेय कथांत आहे. अँजेला ब्राझिल यांची ‘द फॉर्च्यून्स ऑफ फिलिपा’ १९०६ मध्ये आली. एलिनॉर ब्रेंट-डायर यांची आल्प्समध्ये घडणारी ‘शॅले स्कूल’ मालिका १९२५ पासून चालली. एनिड ब्लायटन यांची ‘मॅलरी टॉवर्स’ मालिका १९४६ ते १९५१ या काळात प्रसिद्ध झाली. मध्यरात्रीचा चोरून केलेला फराळ, लाडकी शिक्षिका, खेळातली चुरस हे या कथांतले घटक पुढे रहस्यकथेने जसेच्या तसे उचलले.

दुसरे मूळ रहस्यकथेच्या सुवर्णकाळात आहे. १९३० मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या डिटेक्शन क्लबच्या सदस्य असलेल्या ग्लॅडिस मिचेल, डॉरोथी एल. सेअर्स आणि अगाथा ख्रिस्ती या तीन लेखिकांनी शाळा-महाविद्यालयांकडे मोर्चा वळवला. त्यांपैकी मिचेल स्वतः शिक्षिका होत्या. त्यांच्या मिसेस ब्रॅडली या मानसशास्त्रज्ञ नायिकेची ‘सेंट पीटर्स फिंगर’ (१९३८) ही कादंबरी कॉन्व्हेंट शाळेत घडते, तर ‘लॉरेल्स आर पॉयझन’ (१९४२) शिक्षिका घडवणाऱ्या अध्यापन महाविद्यालयात.

डॉरोथी एल. सेअर्स यांच्या ‘गॉडी नाइट’ (१९३५) मधील श्रूजबरी कॉलेज काल्पनिक असले, तरी ते लेखिकेच्या सॉमरव्हिलवर बेतलेले आहे. ‘गॉडी’ म्हणजे कॉलेजचा माजी विद्यार्थ्यांसाठीचा स्नेहमेळावा. अशा मेळाव्याला आलेली लेखिका हॅरिएट व्हेन पुढे निनावी विषारी पत्रे आणि नासधूस यांचा तपास हाती घेते. कादंबरीत खून होत नाही, तरीही या उपप्रकारातली ती सर्वाधिक चर्चिली गेलेली कृती ठरली, कारण तिच्यातला वाद बाईने बुद्धीशी इमान राखावे की संसाराशी, या प्रश्नावर येऊन थांबतो.

जोसेफीन टे (मूळ नाव एलिझाबेथ मॅकिंटॉश) यांनी बर्मिंगहॅमच्या अँस्टी फिजिकल ट्रेनिंग कॉलेजात शिक्षण घेऊन काही काळ व्यायाम-शिक्षिकेचे काम केले होते. त्यांच्या ‘मिस पिम डिस्पोझेस’ (१९४६) या कादंबरीत तोच अनुभव उतरला. लूसी पिम ही लोकप्रिय मानसशास्त्रीय पुस्तक लिहिलेली बाई शाळासोबतीण असलेल्या प्राचार्येच्या निमंत्रणावरून लीज कॉलेजात व्याख्यान द्यायला येते आणि मुलींच्या आग्रहाखातर मुक्काम वाढवते. एका नामांकित मुलींच्या शाळेतली नोकरी सर्वांच्या मते जिला मिळायला हवी, तिला डावलून प्राचार्या ती दुसरीलाच देतात. पुढे व्यायामशाळेतला आडवा दांडा कोसळून त्या दुसरीचा अंत होतो. हाती लागलेला पुरावा पोलिसांना न देता लूसी स्वतःच निवाडा करते. तो चुकलेला असतो, हे तिला उशिरा कळते. कोझी रहस्यकथा शेवटी सगळे सुरळीत करून देते, या समजाला ही कादंबरी छेद देते.

अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘कॅट अमंग द पिजन्स’ (१९५९) मधील मेडोबँक ही इंग्लंडमधली महागडी, प्रतिष्ठित शाळा. मध्यपूर्वेतील रामात या काल्पनिक राज्यात क्रांती होते, तिथल्या राजपुत्राची रत्ने एका विद्यार्थिनीच्या टेनिस रॅकेटमध्ये दडून शाळेत पोहोचतात आणि क्रीडागृहात खेळांच्या शिक्षिकेला गोळी घातली जाते. रत्ने शोधणारी जुलिया अपजॉन ही विद्यार्थिनी थेट गुप्तहेर एर्क्यूल प्वारोला गाठते. प्वारो स्वतः बऱ्याच उशिरा अवतरतो. रत्नांची गोष्ट वरवर साहसकथेची आहे. तिच्या आत मात्र मुख्याध्यापिका मिस बुलस्ट्रोड यांच्यानंतर शाळा कोण चालवणार हा प्रश्न धुमसत असतो, आणि तीन खुनांपैकी एक त्यातूनच घडतो.

ऐतिहासिक वळण

रॉबिन स्टीव्हन्स स्वतः चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या विद्यार्थिनी. त्यांची ‘मर्डर मोस्ट अनलेडीलाइक’ (२०१४) ही किशोरांसाठीची कादंबरी १९३४ मधील डीपडीन या काल्पनिक शाळेत घडते. हाँगकाँगहून आलेली हेझल वाँग कथा सांगते. तिची मैत्रीण डेझी वेल्स ही उमराव घराण्यातली. दोघींनी गुप्तपणे स्थापलेल्या शोधक मंडळाला पहिले खरे प्रकरण मिळते ते विज्ञानाच्या शिक्षिका मिस बेल यांच्या खुनाचे. व्यायामशाळेत त्यांचा मृतदेह हेझलला दिसतो आणि ती डेझीला घेऊन परत येईपर्यंत नाहीसा होतो. उपमुख्याध्यापिकेच्या जागेसाठीची चुरस हे संशयाचे पहिले कारण ठरते. नऊ कादंबऱ्यांची ही मालिका २०२० मध्ये संपली. ब्लायटनच्या जगात हेझलसारखी मुलगी सहसा कडेलाच राहिली असती. इथे लेखणी तिच्या हाती आहे, त्यामुळे शाळेतला वर्णभेद आणि वर्गभेद वाचकाला तिच्या नजरेने दिसतो.

फिनिशिंग स्कूलशी सर्वांत थेट नाते सांगणारी कृती म्हणजे ज्युली बेरी यांची ‘द स्कँडलस सिस्टरहुड ऑफ प्रिकविलो प्लेस’ (२०१४). १८९० सालची इंग्लंडमधल्या ईली गावची सेंट एथेलड्रेडाज ही सात मुलींची शाळा. रविवारच्या जेवणात विषप्रयोग होऊन संचालिका मिसेस प्लॅकेट आणि त्यांचा भाऊ दोघेही जागीच कोसळतात. पोलिसांना कळवले तर शाळा बंद होणार आणि प्रत्येकीची रवानगी नकोशा घरी होणार, म्हणून मुली दोन्ही मृतदेह भाजीच्या वाफ्यात पुरतात आणि अंगाने भरलेल्या अॅलिसला मृत बाईंचे सोंग देतात. गंमत म्हणजे कादंबरीभर प्रत्येक मुलीच्या नावाआधी एक विशेषण लावलेले असते : कोणी धोरणी, कोणी मठ्ठ, कोणी सुतकी चेहऱ्याची, कोणी देवीच्या व्रणांची. मुलींना असे एका शब्दात बसवण्याची समाजाची खोड ही कथा हसतहसत उघडी पाडते.

सीमारेषा

गेल कॅरिगर यांच्या ‘एटिकेट अँड एस्पिओनाज’ (२०१३) मध्ये १८५१ मधली फिनिशिंग स्कूल आकाशात तरंगते आणि शिष्टाचारांबरोबर हेरगिरीही शिकवते. ती अद्भुताकडे झुकलेली कृती आहे. जोन लिंडसे यांची ‘पिकनिक अॅट हँगिंग रॉक’ (१९६७) ऑस्ट्रेलियातल्या अॅपलयार्ड कॉलेजच्या मुली १९०० मधील सहलीत कशा नाहीशा झाल्या हे सांगते आणि कोडे मुद्दाम उकलत नाही. घटनास्थळ तेच असले, तरी उत्तर हाती देणे ही कोझी कथेची अट ती पाळत नाही.

गुन्ह्याचे कारण

चहाचे कप, रेशमी फिती आणि उखाळ्या-पाखाळ्यांचे संवाद यांमुळे या कथा हलक्याफुलक्या वाटतात. गुन्ह्यांची कारणे शेजारी मांडली, की वेगळे चित्र दिसते. टे यांच्याकडे कारण नोकरीचे, ख्रिस्ती यांच्याकडे एका खुनामागे वारसपदाचे. सेअर्स यांच्याकडे ते एका संशोधकाने गमावलेल्या पदवीचे आहे. बेरी यांच्या मुली मृतदेह पुरतात त्या स्वतःच्या छपरासाठी. प्रेमप्रकरण किंवा मृत्युपत्र हे रहस्यकथेतले नेहमीचे हेतू इथे मागे पडतात. ज्या काळात सुशिक्षित, अविवाहित बाईला सन्मानाने जगण्याची शाळा हीच जवळजवळ एकमेव जागा होती, त्या काळात तिथली एक खुर्ची जिवावर बेतण्याइतकी मोलाची होती.

मुंबईशी धागा

सुजाता मॅसी यांच्या ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८) या कादंबरीची नायिका पर्वीन मिस्त्री ही ऑक्सफर्डला शिकलेली पारशी वकील. १९२१ च्या मुंबईत ती वडिलांच्या कचेरीत काम करते आणि पुरुष वकिलांना प्रवेश नसलेल्या पडदानशीन स्त्रियांपर्यंत पोहोचते. याच नायिकेच्या मालिकेतली ‘द बॉम्बे प्रिन्स’ (२०२१) ब्रिटनच्या युवराजांच्या नोव्हेंबर १९२१ मधील मुंबई भेटीच्या वेळी घडते. तिच्या केंद्रस्थानी वुडबर्न कॉलेज या काल्पनिक महाविद्यालयातील फ्रेनी या विद्यार्थिनीचा मृत्यू आहे. भेटीच्या समारंभाला हजर राहण्याची सक्ती कॉलेज करू शकते का, हे विचारायला ती आधीच्याच दिवसांत पर्वीनकडे आलेली असते.

पर्वीनच्या घडणीमागे नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी (१८६६–१९५४) यांची प्रेरणा आहे. सेअर्स यांच्या आधी वीसेक वर्षे त्याही सॉमरव्हिलमध्येच शिकल्या. कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ मध्ये दिली. ऑक्सफर्ड स्त्रियांना पदव्या देऊ लागले ते १९२० मध्ये, आणि सोराबजींच्या हाती त्यांची पदवी पडली १९२२ मध्ये.