फिल्म की डिजिटल? वाट पाहण्याचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एका मुलाने विचारलं, "सर, फोटोग्राफी शिकायचीय. घरात आजोबांचा फिल्म कॅमेरा पडून आहे. त्यावर शिकू, की डिजिटल घेऊ?" मी काही बोलायच्या आत शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "फिल्मच घे. फिल्म संयम शिकवते." हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. आज ते जरा तपासून बघू.

फोटो काढायचा आणि तो दिसायची वाट बघायची, ही छायाचित्रणाची मूळ रीत असं आपण धरून चालतो. तसं नाही. 1851 साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. म्हणजे बघा, काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ती बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत डेव्हलप करायची. सगळा कारभार काही मिनिटांचा. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तो हाच काळ. आणि आपल्या उन्हाळ्यात काच आणखी लवकर वाळणार! म्हणून बाहेर फोटो काढायचा तर अंधाऱ्या खोलीसारखा तंबू बरोबर न्यावा लागे. हमालीच ती. पण तंबूतून बाहेर येताना फोटोग्राफरला स्वतःची चूक कळलेली असायची, आणि समोरचा माणूस अजून खुर्चीवरच बसलेला. काच धुवा, पुन्हा काढा.

मग वाट बघणं आलं कुठून? सोयीतून. 1871 मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि पुढे डेव्हलप करायची घाईच संपली. 1888 मध्ये जॉर्ज ईस्टमन यांचा कोडॅक कॅमेरा आला. किंमत 25 डॉलर, आत 100 फोटोंचा रोल. रोल संपला की अख्खा कॅमेराच रोचेस्टरला पाठवायचा. 10 डॉलर दिले की फोटो छापून, नवा रोल भरून परत. आज ज्याला आपण फिल्मचा संयम म्हणतो, तो तेव्हा कटकट टाळणाऱ्यांची सोय होता. पहिल्या फोटोतली चूक शंभरावा काढून झाला तरी कळायची नाही.

माझंच सांगतो. शाळेत असताना हातात क्लिक थ्री आला, बारा फोटोंचा रोल. पंधरा दिवसांनी फोटो आले ते सगळे धूसर. कॅमेरा हलला, की फार जवळ गेलो, की लॅबवाल्याने घोळ घातला? आजही माहीत नाही. संयम शिकलो म्हणता येईल, फोटोग्राफी नाही शिकलो.

आता दुसरी बाजू. 1975 साली कोडॅकमध्येच स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने डिजिटल कॅमेरा बनवला. 0.01 मेगापिक्सेल, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला 23 सेकंद! त्या कॅसेटवर त्याने 30 चित्रंच ठेवली. का? तर लोकांना 24 आणि 36 फोटोंच्या रोलची सवय होती, त्याच्या मधला आकडा घेतला. मला ही गोष्ट फार आवडते. मोजून फोटो काढण्याची शिस्त त्या गृहस्थांना हवी होती ना? ती आकड्यात आहे. डिजिटलवरही दिवसाला 30 च काढायचे, असं ठरवता येतं.

म्हणून त्या मुलाला मी सांगितलं, साधा, वापरलेला डिजिटल घे. शटरचा वेग, ॲपर्चर, सगळं प्रत्येक फोटोबरोबर आपोआप नोंदलं जातं. फिल्मवर त्यासाठी वही ठेवावी लागते, आणि वही कोण ठेवतं? शिवाय रोल आणि धुलाई, दोन्हींचे पैसे. हात बसल्यावर कृष्णधवल रोल आण आणि घरीच डेव्हलप कर, म्हणजे पंधरा दिवसांची वाट तासाभरावर येईल.

"आणि आजोबांचा कॅमेरा?" त्याने विचारलं. म्हटलं, मागचं झाकण उघडू नकोस. आधी रिवाइंडची कळ हलकेच फिरवून बघ. ताण लागला, तर आत आजोबांचा रोल आहे.